नेत्रपरीक्षा शाळेतच हवी

वैमानिक होण्याची आकांक्षा बीड जिल्ह्यातील मुलांस आता परकी राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था 1977 पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी मुले घडवीत आहे. 2022 पासून त्या प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले. परंतु लेखी परीक्षा व मुलाखत पार केलेला उमेदवार वैद्यकीय मंडळापुढे बसतो, रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा त्यास दिसत नाही, आणि आपल्या दृष्टीतील दोष त्यास अठराव्या वर्षी प्रथमच कळतो. इतका उशीर का व्हावा?

मंडळाच्या कठोरपणास आम्ही नावे ठेवीत नाही. ताशी 900 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदास 250 मीटर अंतर कापते. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांपैकी दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण्याचा मार्ग योग्य. चारही तांबडे दिसले तर विमान फार खाली आले आहे. तेथे रंग ओळखण्यात चूक परवडत नाही. नागरी विमानसेवेत चष्मा लावून दृष्टी पुरेशी होत असेल तर चालते. प्रबोधिनीतून हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाणाऱ्यास मात्र लांबचे अंधुक दिसण्याचा दोष मुळीच चालत नाही. हा भेद किती पालकांस ठाऊक आहे?

रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो व चष्म्याने जात नाही. जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांची 1917 सालची ठिपक्यांची पुस्तिका तो काही मिनिटांत उघड करते. दहाव्या वर्षी तो कळला तर मूल वेळीच दुसरी वाट धरील. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्याच्या यादीत दृष्टिदोष आहे, रंगांधळेपणा नाही. शिवाय पथक पौषात आले, तर ऊसतोड कामगारांची कित्येक मुले तेव्हा आईबापांसह फडावर असतात. फळ्यावरचे न दिसणारे मूल वर्गात 'ढ' ठरते, हे शिक्षकी पेशात आम्ही पुष्कळ पाहिले. त्याचे विमान दूरच राहिले, पुस्तकही सुटते.

म्हणून जिल्हा परिषदेने ही तपासणी जूनमध्ये, शाळा उघडताच, घ्यावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाने शिक्षकांस ती एका दिवसात शिकवावी. अक्षरांचा तक्ता, सहा मीटर दोरी व एक पुस्तिका, एवढेच साहित्य लागते. शिरूर कासार आणि पाटोदा या तालुक्यांपासून येत्या जूनमध्येच आरंभ व्हावा.