साधं की प्रीमियम?

पंपावर गाडी उभी केली की नोझल हातात धरून पोरगा विचारतो, ‘साहेब, साधं की प्रीमियम?’ ‘साधं’ म्हणताना आपण उगाच ओशाळतो, आहेराचं पाकीट हलकं असल्यासारखं.

प्रीमियमच्या भक्तांचं म्हणणं असं, की त्यात ‘ताकद’ जास्त, म्हणून पिकअप सुधारतो आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. इथे ताकद हा शब्दच चुकलाय. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत एखाद्या कोपऱ्यात आपोआप पेटलं, की इंजिन टकटक वाजतं. ते तसं पेटू न देण्याची पेट्रोलची कुवत म्हणजे ऑक्टेन. उष्णता किती निघेल, हे तो आकडा सांगतच नाही.

पुरावा आपल्याच टाकीत आहे. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. ऑक्टेन म्हणजे अ‍ॅव्हरेज असतं, तर वीस टक्के इथेनॉलचं ई-20 आल्यावर पेढे वाटायला हवे होते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने मात्र ई-10 साठी जुळवलेल्या जुन्या धर्तीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज 6-7 टक्क्यांनी घटेल, असं म्हटलं होतं. शिवाय ई-20 च्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन 95 आहे. म्हणजे ‘95’ची पाटी लावून विकलं जातं, तेवढं ऑक्टेन ई-20 देणाऱ्या साध्या नळीतूनही येतंच.

आता हिशेब. साधं 104 रुपये, प्रीमियम 112 धरा. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीने सोळाच्या वर दिलं, तरच पैसे फिटले. 100 ऑक्टेनवालं 160 रुपयांचं धरलं, तर तेवीस हवेत! एवढं अ‍ॅव्हरेज तर उतारावर न्यूट्रल करूनही मिळत नाही. (करूही नका, ब्रेक तापतात.)

‘पण मला फरक जाणवतो हो!’ जाणवत असेल. महागाचं पेट्रोल भरलं की पाय आपोआप हलका पडतो, आणि अ‍ॅव्हरेज त्या पायाने वाढतं. खरं तपासायचं तर एकाच पंपावर, एकाच रस्त्यासाठी, टाकी फुल ते फुल असं चार-पाच वेळा मोजा.

मग प्रीमियम निव्वळ थोतांड? नाही. उन्हाळ्यात, एसी चालू, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन टर्बोवाली गाडी खंबाटकीचा घाट चढतेय, गिअर चौथा, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. टकटक इथेच सुरू होते. नॉक सेन्सरने ती ओळखली की स्पार्क उशिरा पडतो, इंजिन वाचतं, पण जोर पडतो. ज्या गाडीचं इंजिन जास्त ऑक्टेन धरूनच बेतलंय, तिला ते दिलं तर हा गमावलेला जोर परत मिळतो. 91 ऑक्टेनवर बेतलेल्या गाडीने काही गमावलेलंच नसतं, मग परत काय मिळणार? प्रीमियममधली सफाईची रसायनं इंजेक्टरवरचा थर कमी करतात, हेही मान्य. पण त्याने स्वच्छ इंजिन वेगवान होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी त्या पोराला उत्तर देण्याआधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू पाहा, नाहीतर गाडीचं मॅन्युअल उघडा. तिथे ‘किमान 95’ असेल, तर पंपावरच्या साध्याचं ऑक्टेन विचारून घ्या आणि ते कमी असेल तर प्रीमियम भरा. 91 असेल, तर खुशाल ‘साधं’ म्हणा, जरा मोठ्यानेच.