कतारगामच्या मुलांची कैफियत

सीमेपलीकडील मराठी बांधवांनो,

गेल्या श्रावणात एका वारस दाखल्याच्या कामासाठी आम्हांस सुरतेतील कतारगाम येथे जावे लागले. नवापूर तालुक्यातून वीस वर्षांपूर्वी तेथे गेलेले आमचे पक्षकार एका कारखान्यात हिरे घासण्याच्या घंटीवर बसतात. कागद पाहून झाले, चहा झाला, आणि त्यांची पाचवीतील मुलगी भिंतीला पाठ टेकून धडा म्हणू लागली. माध्यम गुजराती, धडा बाष्पीभवनाचा. व्याख्या तिने एका दमात म्हटली, एक मात्राही चुकली नाही. बाहेर पाऊस होता, म्हणून खोलीतच दोरीवर कपडे वाळत घातले होते आणि त्यांच्यावर पंखा सोडलेला होता. आम्ही मराठीत विचारले, “या कपड्यांतलं पाणी कुठे जातं?” तिने उत्तर दिले, “खाली गळून जातं.”

आम्ही म्हटले, “फरशी तर कोरडी आहे.” तिने फरशीकडे पाहिले आणि ती गप्प झाली.

तेव्हा तिच्या आत्याचा मुलगा पुढे सरसावला. तो सातवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. त्यानेही व्याख्या म्हटली, शुद्ध मराठीत आणि तिच्याइतक्याच वेगाने. पंखा लावला की कपडे लवकर का वाळतात, असे विचारता तो म्हणाला, “वाळतात म्हणजे सुकतात.”

मुलीचे वडील आम्हांस म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हीच सांगा, पोरीला पुढच्या वर्षी इंग्रजीत टाकू का?” ते उत्तर त्या दिवशी आम्हांस नीट देता आले नाही. आज देत आहोत. ते देताना आमच्याच चळवळीला चार शब्द ऐकवावे लागणार आहेत, याचीही पूर्वकल्पना देतो.

प्रथम कायदा, कारण तो आमचा व्यवसाय आहे. पण तो लवकर आटोपेल. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली संविधानात अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम २९ म्हणते की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. ‘शक्यतोवर’ या एका शब्दात किती शाळा बुडू शकतात, हे वकिलाला सांगावे लागत नाही. तरीही न्यायाने बोलायचे तर सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. सुरतेला या बाबतीत दूषण देणे आम्हांस शोभणार नाही. आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांचे आहे. मातृभाषेची सक्ती राज्य करू शकत नाही. तेव्हा हा खटला आता न्यायालयात चालायचा नाही. तो कतारगामच्या त्या खोलीत, मुलीच्या वडिलांपुढे चालायचा आहे, आणि तेथे अस्मितेची भाषणे पुरावा म्हणून दाखल होत नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी आहे: आपली मुलगी शिकेल कशी?

मग मेंदू शिकतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मृतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. कोणताही अर्थ नसलेल्या शब्दखंडांच्या याद्या तो पाठ करी आणि किती काळाने किती विसरलो याची नोंद ठेवी. पहिल्या काही तासांतच बहुतांश पाठांतर झडून जाते, हा त्याचा निष्कर्ष प्रसिद्धच आहे. पण आमच्या खटल्याला त्याचे दुसरे निरीक्षण अधिक उपयोगी आहे. अर्थ कळणारी कविता पाठ करायला त्याला निरर्थक शब्दखंडांच्या मानाने सुमारे एक दशांश श्रम पुरले. ज्या मजकुराचा अर्थ मुलाला लागत नाही, त्या मजकुरासाठी आपण त्याला दहापट राबवतो आणि मग त्यालाच मठ्ठ म्हणतो.

कारण असे. मन एका वेळी फार थोडे धरू शकते. जॉर्ज मिलरने १९५६ साली ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली; पुढे नेल्सन कोवनने २००१ साली ती चारच्या आसपास आणली. चार म्हणा, सात म्हणा, ओंजळ लहानच आहे. त्या ओंजळीतील दोन जागा ‘या शब्दाचा अर्थ काय’ यातच अडल्या, तर बाष्पीभवनाला जागा उरली कोठे? आणि ओंजळीतले टिकते केव्हा, तर ते आधीपासून माहीत असलेल्या कशाला तरी जोडले जाते तेव्हा. त्या मुलीला ओले कपडे माहीत आहेत, पंखा माहीत आहे, आईने पावसाळ्यात खोलीत बांधलेली दोरी माहीत आहे. हे सारे तिच्या मनात घरच्या बोलीत साठवलेले आहे. शाळेने दिलेली व्याख्या दुसऱ्या भाषेत आली, आणि दोहोंची गाठ कोणी घालूनच दिली नाही.

येथे आम्हांस नेहमीचा आक्षेप ऐकू येतो: लहान मुले स्पंजासारखी असतात, कोणतीही भाषा आपोआप शोषून घेतात, आणि कतारगामच्या गल्लीत ती मुलगी गुजराती फडाफडा बोलते, मग अडचण कसली? हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणूनच घातक आहे. उच्चार आणि खेळातले बोलणे मुले खरोखर चटकन उचलतात. पण जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, तर ज्या भाषेत कारणे द्यायची, तुलना करायची, धड्यातला युक्तिवाद समजून घ्यायचा, ती भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. भाजीवाल्याशी पापडीचा भाव करण्याची गुजराती (कतारगामची पापडी उंधियूसाठी नावाजलेली, हे सुरतकर वाचकांना सांगायला नको) आणि विज्ञानाच्या पुस्तकातील गुजराती यांत हे अंतर आहे. मुलगी गल्लीत बोलते म्हणून वर्गात तिला समजते, असे शिक्षक धरून चालतो. आणि समजले नाही हे सांगण्याची भाषाही तिच्यापाशी नसते.

गणितही यातून सुटत नाही. आकड्यांना भाषा नसते, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. १९९९ साली स्तानिस्लास देहेन, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन व इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या प्रौढांना काही बेरजा एका भाषेत शिकवल्या आणि दुसऱ्या भाषेत विचारल्या. नेमके उत्तर द्यायला त्यांना जास्त वेळ लागला. अंदाजाने उत्तर देताना मात्र भाषेने फरक पडला नाही. पाढा ज्या भाषेत मुरला, त्याच भाषेत तो झटकन वर येतो. आता कतारगामचे मूल पाहा. घरी बेरीज, शाळेत सरवाळो. घरी वजाबाकी, शाळेत बादबाकी. घरी ‘दाखला’ म्हटला की शाळा सोडल्याचा किंवा जातीचा, आणि शाळेत ‘दाखलो गण’ म्हणजे उदाहरण सोडव. गुजराती पाचाचा आकडा दिसतो आपल्या शिरोरेघ पुसलेल्या ‘प’सारखा. मोठ्या माणसाला या गमती वाटतात. सहा वर्षांच्या मुलाच्या ओंजळीत त्या खड्यांसारख्या पडतात.

इथवर वाचून आमचे स्नेही टाळ्या वाजवतील. त्यांनी क्षणभर थांबावे. तो आत्याचा मुलगा आठवा. तो मराठी शाळेत होता. त्याचे शिक्षक मराठी, पुस्तक मराठी, आणि तरीही फरशी का कोरडी हे त्याला सांगता आले नाही. मायबोलीने दार उघडे ठेवले होते. आत कोणी नेलेच नाही. आमच्या चळवळीने पाट्यांसाठी मोर्चे काढले, शाळा बंद होऊ नयेत म्हणून निवेदने दिली, आणि ते योग्यच केले. पण त्या शाळेच्या वर्गात बसून मुले काय करतात हे किती जणांनी पाहिले? सकाळी धडा वाचा, दुपारी प्रश्नोत्तरे उतरवा, परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच घोका. असली शाळा मराठीत चालली म्हणून पालकाने तिच्यावर मुलीची दहा वर्षे का लावावीत?

घोकंपट्टी फसवते कशी, हे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली फार स्वच्छ दाखवले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला; दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे घोकणाऱ्याला आपल्याला येते असे वाटते, शिक्षकालाही वाटते, घटक चाचणीत गुणही मिळतात, आणि आठवड्यात सारे ओसरते. मेंदूत शिरणारी गोष्ट टिकते ती बाहेर काढण्याच्या सरावाने. आणि तो सराव एका रात्रीत न उरकता मध्ये दिवस सोडून केला, मधल्या रात्री पुरेशी झोप मिळाली, की अधिक टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागवणारी आई मुलाच्या अभ्यासातलेच चोरत असते, हे कठोर वाटले तरी लिहून ठेवतो.

हे आपल्या घरात नवे नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर परवचा म्हटला जाई, तेव्हा हातात पुस्तक नसे. आजोबा मध्येच थांबवून “सात नवे?” असे विचारीत, मग उलटा पाढा म्हणायला लावीत, मग दोन दिवस सोडून पुन्हा. तिला घोकंपट्टी म्हणून हिणवणाऱ्यांनी आणि तिच्या नावाखाली खरी घोकंपट्टी चालवणाऱ्यांनी, दोघांनीही तिचा घात केला. मुलीच्या वडिलांना हे आम्ही हिऱ्यावरून सांगितले असते तर लगेच पटले असते. तळिया आणि मथाळा घासायला ते पुस्तक वाचून शिकले नाहीत. घंटीवर बसले, चुकले, शेजारच्या जाणत्याने भिंगातून चूक दाखवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आणि जाणता जे सांगे, ते त्यांना समजेल अशा बोलीत सांगे.

गुजरातीशी आमचे भांडण नाही. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला. महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी तेच केले. जेथे राहायचे तेथील भाषा उत्तम आलीच पाहिजे, आणि मराठीत पक्के झालेले मूल गुजराती लवकर शिकते, कारण ‘बाष्पीभवन’ हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. त्याचा अर्थ एकदाच शिकावा लागतो. विषय म्हणून भाषा शिकणे आणि माध्यम म्हणून तिच्यात ढकलले जाणे, यांतला भेद महाराष्ट्राला २०२५ च्या उन्हाळ्यात चांगला कळला होता. पहिलीपासून हिंदीच्या निर्णयाविरुद्ध आपण लहान मुलाच्या डोक्यावरील ओझ्याचा दाखला दिला, आणि २९ जूनला सरकारला ते शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तिथे तर एका विषयाचेच ओझे होते. कतारगामच्या मुलावर साऱ्या विषयांचे आहे, आणि त्यासाठी मुंबईत कोणी घसा कोरडा केल्याचे आम्हांस आठवत नाही.

तेव्हा वडिलांना आमचे उत्तर असे. इंग्रजी माध्यमात घातल्याने त्या मुलीचा प्रश्न सुटणार नाही. घरात कोणाला न येणाऱ्या तिसऱ्या भाषेत ती तीच व्याख्या घोकेल, आणि तुम्ही फीही भराल. जवळ मराठी शाळा असेल आणि तेथे मुलांना बोलते करणारा शिक्षक असेल, तर तेथे घाला. शाळेची इमारत पाहू नका, एक तास वर्गाबाहेर उभे राहून कोण जास्त बोलते ते ऐका. गुजरातीतच ठेवायची असेल तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. मात्र रोज रात्री पुस्तक मिटवून तिला त्या दिवसाचा धडा आईला घरच्या भाषेत सांगू द्या. तुमच्या घरात अहिराणी बोलतात, मग अहिराणीत सांगू द्या. प्रमाण मराठीचा आग्रह धरून आपणही तिच्या ओंजळीत खडे टाकू नयेत. जे सांगता येणार नाही, ते तिला आलेले नाही. मग तेच तिने गुजरातीत लिहावे, आणि तीन दिवसांनी पुन्हा.

त्या दिवशी निघताना मुलगी दारापर्यंत आली. आम्ही जोडे घालत होतो. तिने विचारले, “पंखा पाणी उडवून नेतो, मग खोलीत पाणी का दिसत नाही?” आम्ही सांगितले ते तिला पुरते पटले नाही, आणि बारडोलीपर्यंत आम्ही त्याहून बरे उत्तर शोधत होतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा कतारगामला जात आहोत, या वेळी दाव्याच्या कामाशिवाय. सुरतेतील निवृत्त मराठी शिक्षकांपैकी ज्यांना सकाळचे दोन तास देता येतील त्यांनी यावे. मुलांना कोरी वही आणू द्या. गाईड घरी ठेवू द्या.