उंच मुलगा आणि उंच उडी

फुटबॉलचा संघ निवडावयाची वेळ आली, म्हणजे मुलें एका ओळींत उभीं करावयाचीं आणि सर्वांत उंच असतील तीं हेरून घ्यावयाचीं, ही आम्हां शिक्षकांची जुनी रीत. 'हवेंतला चेंडू यालाच मिळणार', हें तिचें समर्थन. वीरच्या बाजूस भातकापणी उरकून खाचरें मोकळीं झालीं, कीं पोरें त्यांत खेळूं लागतात. तेथें घटकाभर उभें राहून पाहावें, म्हणजे हें समर्थन किती लटकें आहे तें कळतें. उंच मुलगा चेंडूची वाट पाहत जागीं खिळून राहतो. ठेंगणा तीन पावलें धावत येतो आणि त्याच्या खांद्यावरून चेंडू नेतो.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. धावत येऊन एका पायावर घेतलेली उडी उभ्या उडीहून उंच जाते. हात वर झोकले म्हणजे तींत आणखी भर पडते. दोन फुटांची उडी घेणारा सेकंदाचे सुमारें सात दशांश हवेंत असतो, आणि (गणिताच्या तासास जागे असणाऱ्यांस ठाऊक असेल) त्यांतला निम्मा वेळ वरच्या सहा इंचांतच जातो. म्हणूनच तो अधांतरीं थांबल्यासारखा भासतो. नेमक्या त्या क्षणीं चेंडू कपाळाशीं यावा, हें खरें कौशल्य. चेंडू कोठें येणार हें लाथ बसतांच ताडावें, डोळे मिटूं नयेत, मान ताठ धरावी, आणि टाळूनें नव्हे, कपाळानें मारावा.

उंची निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०१७ सालीं दिल्लीस, सतरा वर्षांखालील विश्वचषकांत, भारताचा एकमेव गोल उंचपुऱ्या जॅक्सन सिंगनें कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्यानेंच केला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच संघांतला. पण ७ जून २०२१ रोजीं दोहा येथें बांगलादेशाविरुद्ध डोक्यानें गोल करणारा सुनील छेत्री सुमारें पांच फूट सात इंचांचाच आहे.

आतां आमचें खरें म्हणणें. हें ज्यांस शिकवावयाचें, त्यांच्या कोंवळ्या डोक्यांचें काय? इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल डोक्यानें गोल करण्यांत नामांकित होता. तो २००२ सालीं एकूणसाठाव्या वर्षीं वारला, आणि वारंवार डोक्यानें चेंडू मारल्यामुळें मेंदूस इजा झाली असा मृत्यूच्या चौकशींत निष्कर्ष निघाला. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासांत, मेंदू झिजण्याच्या रोगांनीं मरण्याचें प्रमाण स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंत इतरांच्या सुमारें साडेतीनपट आढळलें. २०२० मध्यें इंग्लंडनें प्राथमिक वयाच्या मुलांस सरावांत डोक्यानें चेंडू मारण्याची मनाई केली. आमच्याकडे मात्र पावसांत भिजून जड झालेला जुना चेंडू पांचवीच्या पोराच्या डोक्यावर आदळतो, आणि आम्ही टाळ्या वाजवितों. एकदां एक मुलगा असा चेंडू लागून मटकन खालीं बसला. आम्हींच त्यास पाणी पाजून पुन्हां खेळावयास धाडलें. ती चूक आम्हांस अजून टोंचते.

लहानांस उडी शिकवावी, चेंडू नको. आंब्याच्या फांदीस चिंध्यांचा गोळा टांगला, कीं धावणें, पाय उचलणें आणि डोळे उघडे ठेवणें तेवढ्यावर साधतें. खरा चेंडू आठवीनंतर, तोहि मोजका. आणि डोक्यास मार बसलेला मुलगा कितीहि 'मी बरा आहें' म्हणाला, तरी त्या दिवशीं त्यास मैदानांत पुन्हां उतरवूं नये.