साहेब, आधी गाडी चालवायला शिका!

इनोव्हात तुमच्यापैकी बरेच जण बसले असतील. लग्नाचं वऱ्हाड असो, नाहीतर आजी-आजोबांना घेऊन केलेली शिर्डीची ट्रिप असो, गाडी बिचारी निमूटपणे सगळ्यांना पोचवते. बंद पडत नाही, कुरकुरत नाही. पण खरं सांगा, तिचं चित्र कापून कुणी वहीच्या कव्हरवर चिकटवलंय का? नाही ना? वहीवर फेरारी असते!

आज गोष्ट आहे ती इनोव्हा बनवणाऱ्या टोयोटा कंपनीचीच. ही जपानी कंपनी वर्षाला एक कोटीच्या आसपास गाड्या विकते. (आपल्याकडे १९९७ पासून तिच्या जोडीला किर्लोस्कर हे अस्सल मराठी नाव आहे, बरं का!) पण एक वेळ अशी आली होती, की या एवढ्या मोठ्या कंपनीच्या कारखान्यात एकही स्पोर्ट्‌स कार बनत नव्हती. सुप्रा २००२ मध्ये बंद झाली, सेलिका २००६ मध्ये आणि एमआर२ २००७ मध्ये. सेलिका म्हणजे काही ऐरीगैरी गाडी नव्हे. तिच्यात बसूनच कार्लोस साइन्झ १९९० आणि १९९२ मध्ये रॅलीचा जगज्जेता झाला होता. तरीही बंद! कारण सोपं आहे. अशा गाड्या खपतात कमी आणि त्यांच्यावर खर्च होतो फार. हिशेबाच्या वहीत त्या नापासच होतात.

त्या सुमाराला कंपनीत अकिओ टोयोडा नावाचे एक साहेब होते. मोटारीची ही कंपनी काढणाऱ्या किइचिरो टोयोडांचे ते नातू. म्हणजे घरचेच की! पण कंपनीत हिरोमु नारुसे नावाचे एक वाकबगार चालकही होते. नवी गाडी बाजारात जाण्याआधी ती चालवून तिच्या खोड्या शोधायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी एकदा या नातवाला तोंडावर सुनावलं. मतलब असा, की ज्याला गाडी नीट चालवता येत नाही त्याने गाड्यांबद्दल मतं देऊ नयेत. आधी शिका!

दुसरा कुणी असता तर चिडला असता. अकिओसाहेब शिकायला बसले.

शिकवणी कुठे? तर जर्मनीत, न्युर्बुर्गरिंगला. १९२७ सालचा हा ट्रॅक डोंगर-जंगलातून जातो. लांबी जवळजवळ २१ किलोमीटर आणि वळणं सत्तरहून जास्त. तिथे बड्याबड्या कंपन्या आपल्या नव्या, अजून बाजारात न आलेल्या गाड्या पळवून पाहतात. आणि आपले साहेब कशात होते? जुन्या सुप्रात! इतरांच्या नव्या गाड्या सूंकन शेजारून पुढे जायच्या. 'अशी गाडी तुम्हा टोयोटावाल्यांना काही जमायची नाही,' असंच त्या गाड्या म्हणताहेत की काय, असं त्यांना वाटायचं. ही बोच मनात राहिली, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. २००७ मध्ये तिथल्या २४ तासांच्या शर्यतीत ते उतरले, तेही 'मोरिझो' या टोपणनावाने आणि जुन्या अल्टेझा गाडीतून.

२००९ मध्ये हेच मोरिझो कंपनीचे प्रमुख झाले. आणि जून २०१० मध्ये नारुसेगुरुजी गेले. वयाच्या ६७व्या वर्षी, न्युर्बुर्गरिंगजवळच्याच रस्त्यावर, एलएफए या नव्या गाडीची चाचणी घेत असताना अपघात झाला. गाड्यांची अखेरची परीक्षा घेण्याचं त्यांचं काम पुढे शिष्याने अंगावर घेतलं. कंपनीचा प्रमुख स्वतः गाड्यांचा परीक्षक!

मग २०१२ मध्ये '८६' आली. मोठ्यांना इथे एक शंका येईल, की आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर वेगाचं कौतुक कशाला? पण मजा म्हणजे नुसता वेग नव्हे. ८६चं इंजिन दोन लिटरचं, ताकद २०० अश्वशक्ती. सुपरकारवाले हसतील एवढीच. टायरही मुद्दाम साधे, फार घट्ट न पकडणारे. कारण गाडी काय करते आहे ते कमी वेगातही हातांना आणि पाठीला कळावं.

२०२० ची जीआर यारिस तर गंमतच आहे. आपली जुनी मारुती ८०० आठवते? तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती. जीआर यारिसलाही सिलिंडर तीनच! इंजिन आकाराने दुप्पट, पण जपानात विकलेल्या गाडीची ताकद २७२. म्हणजे सातपटीहून जास्त! करा भागाकार. टर्बोने हवा कोंबायची, चारही चाकं फिरवायची आणि एवढा ताण सोसेल असं अंग बनवायचं, हे सगळं त्या इंजिनिअरांना रॅलीसाठी शिकावं लागलं. शिकलेलं डोक्यातच राहतं. उद्या तेच लोक साध्या गाडीचा ब्रेक आखतात, तेव्हा ते ज्ञान तिकडेही उतरतं. म्हणून मला वाटतं, की हिशेबाची वही मिटवून अशा गाड्या बनवायलाच हव्यात.

एक तक्रार मात्र आहे. ८६ बनवली सुबारूच्या जोडीने. २०१९ मध्ये परत आलेली सुप्रा बनवली बीएमडब्ल्यूच्या जोडीने. म्हणजे अर्धा गृहपाठ मित्राच्या वहीतला! आणि एमआर२ तर अजून परतलेलीच नाही.

१९८४ ची पहिली एमआर२ दोनच माणसांची, वजन सुमारे एक टन. इंजिन होतं घरगुती कोरोलाच्याच घराण्यातलं, १६०० सीसीचं. त्यामुळे किंमत आवाक्यात. पण ते पुढे बॉनेटखाली नव्हतं, सीटच्या मागे, गाडीच्या मध्यात होतं. फेरारीसारखं! याने काय होतं ते घरीच पाहा. फिरत्या खुर्चीत बसा, दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक धरून हात लांब पसरा आणि ताईला खुर्ची फिरवायला सांगा. आता पुस्तकं छातीशी घ्या. खुर्ची गर्रकन जोरात फिरेल. जड वस्तू मध्याजवळ आली, की वळणं सोपं होतं. साध्या कोरोलाचं इंजिन नुसतं जागा बदलून काय करू शकतं, ते त्या एमआर२ने दाखवलं होतं. सध्याच्या यारिसचं तीन सिलिंडरचं इंजिन तर त्याहून आटोपशीर आहे. सीटच्या मागे सहज मावेल!