लोणच्याला एक न्याय, क्रीमला दुसरा

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायची आपल्याकडे कुणाची टाप नाही. घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पाण्याचा थेंब गेला तर बुरशी आलीच. मात्र त्याच घरातली बाई तोंड धुऊन येते आणि ओल्या बोटांनी क्रीमच्या डबीत खुशाल खोदकाम करते! नियम तोच आहे हो. क्रीममध्ये तर पाणी मुळातच असतं, म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. पण तो काही अमरपट्टा नव्हे. रोज बोटं बुडाली, बाथरूममधल्या फळीवर गीझरची वाफ खाल्ली, की त्याचंही बळ कमी होत जातं.

तुम्ही म्हणाल, डबीवर तारीख असते ना! असते. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ती छापावीच लागते. पण ती मुख्यतः बंद डबीची. झाकण उघडलं, की दुसरं घड्याळ सुरू होतं. ते सांगायला युरोपात २००५ पासून उघड्या डबीचं एक चिमुकलं चित्र छापतात. त्यात '६ एम', '१२ एम' असं काहीतरी असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. आपल्या बऱ्याच डब्यांवरही ते दिसतं, चष्मा लावून बघा. अडचण एवढीच, की डबी कधी उघडली हे कुणाच्या बापाला आठवतं? म्हणून उघडली त्या दिवशीच बुडाला मार्करने महिना लिहून टाकावा.

सगळ्यात कमी आयुष्य डोळ्यांच्या वस्तूंचं. मस्कारा तीन महिन्यांत बदला असं जाणकार सांगतात, आणि आपण तो सुकला की त्यात पाणी घालतो! लग्नघरात एकच काजळ मावशीपासून भाचीपर्यंत पाच-सहा डोळ्यांतून फिरतं. डोळे आले असताना वापरलेलं काजळ तर बरं झाल्यावर फेकूनच द्यायला हवं. इंग्लंडच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातल्या ४६७ वस्तू तपासल्या, तेव्हा दहातल्या आठ-नऊंमध्ये जंतू निघाले. मेकअपच्या स्पंजांची अवस्था सर्वांत वाईट होती, कारण बहुतेक ते कधी धुतलेच नव्हते.

म्हणून उठून सगळं कपाट रिकामं करू नका. कोरडी पावडर बरीच टिकते. नेलपॉलिश घट्ट झालं तर फार तर नीट लागणार नाही. लिपस्टिकमधलं तेल जुन्या शेंगदाण्यासारखं खवट झालं की नाकाला कळतंच. सनस्क्रीन मात्र लबाड. वास नाही, रंग नाही, आणि आपण तिच्या भरवशावर भर उन्हात हिंडतो.

पण हे सगळं साठतं कशामुळे? चांगली वस्तू रोज वापरायची नाही, ही आपली शिकवण. अमेरिकेतून वहिनीने आणलेली लिपस्टिक 'कुणाच्या तरी लग्नात लावू' म्हणून ठेवायची. लग्नं होतात, मुंजी होतात, लिपस्टिक आपली डब्यातच. या काटकसरीला मी हसणार नाही. त्याच काटकसरीवर आपली घरं उभी राहिली. मला खटकतं ते पुढचं. एक दिवस तारीख उलटल्याचं लक्षात येतं, आणि टाकायला जीव होत नाही. मग काय? संक्रांतीचं वाण आहेच! काजळाची डबी या हळदीकुंकवातून त्या हळदीकुंकवात, दोन-तीन संक्रांती बघून येते. देणारीला माहीत नसतं, घेणारी तारीख बघत नाही.

त्याहून वाईट म्हणजे 'बाईला देऊन टाकू.' आपल्याला ज्याने पुरळ येईल असं वाटतं, ते तिच्या चेहऱ्याला कसं चालेल? तिची कातडी काय वेगळी असते? उलट दिवसभर साबणात हात, उन्हातून चार घरं. तिच्या हातांना चांगलं क्रीम आपल्यापेक्षा जास्त लागतं. पुरळ आलं तर डॉक्टरचे पैसे तिच्याच पगारातून जाणार. ती नाही म्हणत नाही, कारण आपल्याला नाही म्हणणं तिला परवडत नाही. घरी नेऊन ती ते कॉलेजात जाणाऱ्या लेकीला देते, आणि लेक ते कौतुकाने तोंडभर लावते.

अर्धी वापरलेली बाटली द्यायला माझी हरकत नाही, महिने शिल्लक असतील तर. सरलेले असतील तर ती कचऱ्यात जाऊ दे. आणि या दिवाळीला बोनसच्या पाकिटासोबत कोल्ड क्रीमची एक नवी कोरी ट्यूब ठेवा. डबी नको, ट्यूबच. तिच्यात बोटं जात नाहीत.