तोंडाची चव गेली, दोष कुणाचा?

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरी आमचे जाणे होते. घरोघरी एकच तक्रार, जेवणाला चव लागत नाही. आणि खापर फुटते ते बायकोच्या नाहीतर सुनेच्या डोक्यावर. भाजी अळणी, पाणी लोखंडासारखे, म्हणून ताट सरकवले जाते.

आम्ही स्पष्ट सांगतो, दोष त्या माउलीच्या हाताचा नाही. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की युरिया रक्तात साचतो, लाळेत उतरतो आणि तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणून तोंडाला दर्प आणि जिभेवर धातूची चव. त्यात जस्ताची कमतरता, कोरडे तोंड, मूठभर गोळ्या. नाकही मंदावते, आणि वास गेला की निम्मी चव गेलीच. पण वालधुनीच्या काठी वासाची तक्रार केली तर लोक हसतात! 2014 साली तिच्यात रसायने ओतली गेली तेव्हा उल्हासनगरात शेकडो माणसे इस्पितळात गेली होती.

बहुतेकांना आधी मटण नकोसे होते. रविवारचे कालवण कधी न चुकवलेला माणूस वासानेच उठून जातो. मग शेजारी म्हणतात, बरे झाले, सात्त्विक झाला. आता माळ घाला. यात पुण्य कसले? हे युरियाचे काम आहे! शिवाय हा सल्ला घातक आहे. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने बेताने घ्यायची असतात, पण सुरू झाल्यावर जास्त लागतात. ती न मिळाल्यास माणूस खंगतो. मटण जात नसेल तर अंड्याचा पांढरा भाग, कोंबडी, ताजी मासळी द्यावी. वाफेचा वास सोसत नसेल तर निवल्यावर द्यावी. 2015 च्या कायद्याने गरिबाच्या ताटातले बैलाचे स्वस्त मांस काढून घेतले, त्याची झळ अशा घरांना किती बसली हे कुणी विचारले काय?

चव यावी म्हणून रुग्ण सुकट, लोणचे, पापड मागतो. मीठ वाढले की तहान, सूज, धाप. त्यापेक्षा लसूण, आले, जिरे, लिंबाचे चार थेंब बरे. दुकानातले 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नका. त्यात पोटॅशियम असते आणि अशा रुग्णाचे हृदय ते बंद पाडू शकते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होते, ही मोठीच सोय. पण मशीनवरून उतरलेल्याने काय खावे? आमच्या पाहण्यात आलेल्या आहाराच्या कागदांवर पनीर आणि ओट्स होते. भाकरी, बोंबील नव्हते. तो कागद आमच्या ताटाप्रमाणे, मराठीत हवा, ही मागणी सरकारी रुग्णालयांकडे लावून धरली पाहिजे. तोवर वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच, त्यातली एक संध्याकाळ आहारतज्ज्ञाला द्या. आणि त्या दिवशी केवळ महिला मंडळाला नव्हे, सासऱ्यांना आणि नवऱ्यांनाही पुढच्या रांगेत बसवा.