ट्रॅक्टरच्या सीटवरचं ऊन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, आरे दुग्ध वसाहत, गोरेगाव (पूर्व), मुंबई
मा. आयुक्त, दुग्धव्यवसाय विकास, महाराष्ट्र राज्य
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांचे जबाबदार अधिकारी

विषय : आरेत काम करणाऱ्या ट्रॅक्टरचालकांना उन्हापासून संरक्षण देण्याबाबत

महोदय,

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे. तबेल्यांतलं शेण उचलणाऱ्या, चारा आणणाऱ्या आणि पाण्याचे टँकर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची कामं माझ्याकडे येतात. रेडिएटरचं पाणी उकळायला लागलं की मालकाचा फोन तासाभरात येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तापलेलं इंजिन तसंच पुढे दामटलं तर हेड गॅस्केट जातं. पण त्याच ट्रॅक्टरवर बसलेला माणूस तापलाय म्हणून आजवर मला कोणी बोलावलेलं नाही. त्या माणसासाठी हे पत्र लिहितो आहे.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आणि 2025 पासून तो नियम लागू आहे. ट्रकचालकांनी वर्षानुवर्षं जे सोसलं ते पाहता हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. तरी झाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्या नियमात ट्रॅक्टर मात्र नाही. ट्रॅक्टर हे शेतीचं वाहन, म्हणून त्याचा वर्ग वेगळा. पण आरेतल्या ट्रॅक्टरचा नांगराशी फारसा संबंध येत नाही. तो दिवसभर ओझं ओढतो, म्हणजे काम ट्रकचंच करतो. फरक इतकाच की त्याच्या चालकाला केबिन सोडाच, बऱ्याचदा डोक्यावर साधं छतही नसतं.

आपल्यापैकी किती जण भर दुपारी चालू ट्रॅक्टरच्या सीटवर बसले असतील मला माहीत नाही, म्हणून ती जागा कशी असते ते सांगतो. ट्रॅक्टरचं इंजिन पुढे असतं आणि पंखा रेडिएटरमधून हवा मागे खेचतो. ती हवा आधी रेडिएटरची उष्णता घेते, मग इंजिनच्या अंगावरून येते आणि शेवटी चालकाच्या गुडघ्यांवर आणि छातीवर आदळते. बोनेटजवळ उभा सायलेन्सर असतो, त्याची धग एका बाजूने लागते. दोन पायांच्या मधोमध गिअरबॉक्सचं धूड असतं. भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढला की आतलं तेल तापतं आणि फूटबोर्ड चपलेतूनही जाणवावा इतका गरम होतो. एरवी गाडी पळायला लागली की वारा तरी लागतो. इथे चढावर लोअर गिअरमध्ये ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो आणि वारा पाठीमागून असेल तर स्वतःची गरम हवा स्वतःबरोबरच घेऊन जातो. तबेल्याच्या दारात ट्रॉली भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवतात, तेव्हा चालक खाली उतरून सावलीत उभा राहिला तर त्याला कामचुकार समजू नये.

माझ्या ओळखीचा एक चालक सीटवर गोणपाट भिजवून घालतो. दुपारी त्या गोणपाटातून आधी वाफ आल्यासारखं होतं, मग ते वाळून कडक होतं आणि पाठीला खुपायला लागतं. डोक्याला तो ओला पंचा बांधतो आणि सायलेन्सरच्या बाजूचा हात शर्टाच्या बाहीत शक्य तेवढा आत ओढून घेतो. उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या त्या एका हाताचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसतो.

मुंबईचं ऊन विदर्भासारखं नाही, असं कोणीतरी म्हणेलच. खरं आहे, आकडा तेवढा चढत नाही. तरी सांताक्रूझच्या वेधशाळेने 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश नोंदवले होते आणि मार्च 2018 मध्येही पारा 41 वर गेला होता. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे वारे येतात आणि समुद्रावरचं वारं उशिरा सुटतं, त्या दिवसांत असं होतं. पण माझी काळजी त्या मोजक्या दिवसांपुरती नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर जावा लागतो. मे महिन्यात 34 अंश आणि चिकट दमट हवा असेल तर उष्णतेच्या लाटेचा इशारा निघत नाही. माणसाचं अंग मात्र घाम वाळल्यावर थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. शिवाय वेधशाळेचा तापमापक सावलीत, पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. ट्रॅक्टरचा चालक थेट उन्हात आणि इंजिनमागे बसतो. त्याच्या सीटवरचा आकडा कोणी मोजत नाही.

16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या जाहीर सोहळ्यात काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तिथे माणसं नुसती बसलेली होती, तरी उष्माघाताने जीव गेले.

आरे दुग्ध वसाहत 1949 साली उभी राहिली आणि 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने हे काम झालं आणि शहरातल्या कोंदट गोठ्यांत अडकलेल्या म्हशींना इथे मोकळी हवा मिळाली. म्हशीची कातडी काळी आणि तिला घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती ऊन सोसू शकत नाही. हे ओळखून आजही तबेल्यांत दुपारी म्हशींच्या अंगावर पाणी मारतात. हे जनावरावरचं प्रेमही आहे आणि दुधाचा हिशोबही. त्यात मला काही गैर वाटत नाही. मी एवढंच म्हणतो की त्याच तबेल्याच्या दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरच्या माणसालाही सावली आणि पाणी मिळावं.

आता उपायांबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण चुकीचा उपाय केला तर चालकाचे हाल वाढतील. वरून आदेश आला की घाईघाईत लोखंडी सांगाडा उभा करून चारी बाजूंनी काचा लावायच्या आणि त्याला केबिन म्हणायचं, असं कृपा करून होऊ देऊ नका. काचेतून ऊन आत येतं आणि तापलेल्या सीटची, पत्र्याची धग बाहेर पडत नाही. एसीशिवायची बंद केबिन उघड्या सीटपेक्षा वाईट. तसंच पाण्याचा कूलर. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, पण आरेत आधीच हवा ओली असते आणि कूलर तिच्यात आणखी ओल घालतो.

सगळ्यात आधी चांगलं हूड, म्हणजे सीटवरचं छत, द्या. नुसता पत्रा ठोकला तर तो तापून डोक्यावर आग ओततो, म्हणून खाली दोन बोटं जागा सोडून दुसरा थर हवा, वरून पांढरा रंग हवा, आणि ते एवढं पुढे आलेलं हवं की दुपार कलल्यावरही चालकाची छाती सावलीत राहील. सायलेन्सरला जाळीचं गार्ड लावा. फूटबोर्डवर उष्णता अडवणारी जाड चटई टाका. बोनेटच्या मागे एक पातळ आडवा पत्रा बसवला तर इंजिनकडून येणारी हवा खालच्या बाजूला वळते. ही सगळी कामं गावातला फॅब्रिकेटर करू शकतो, मोठा खर्च नाही. मात्र एक लक्षात ठेवा, हूड म्हणजे ट्रॅक्टर उलटल्यावर वाचवणारी चौकट नव्हे. आरेत चढ-उतार आहेत, तेव्हा ती चौकट वेगळी आणि कंपनीने तपासलेलीच असली पाहिजे.

रेडिएटरची जाळी रोज साफ झाली पाहिजे. चाऱ्याचा भुसा आणि गवताचं बी तिच्यात अडकतं, पाणी तापतं आणि मागे येणारी हवा अधिकच गरम होते. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं. समोरून जोरात फवारा मारला की कचरा आणखी आत जातो आणि पातळ पत्त्या वाकतात. मालकाला इंजिनची जी काळजी असते, तिच्यातच चालकाची निम्मी सोय आहे.

ज्यांना परवडेल त्यांनी एसी केबिनचा ट्रॅक्टर जरूर घ्यावा. मोठ्या ट्रॅक्टरांना तशी केबिन आता भारतातही मिळते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे लहान ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह चढावर अडखळतो. हेही खरं की अशा केबिनचा फिल्टर आणि कंडेन्सर चाऱ्याच्या धुळीत लवकर तुंबतात आणि गारवा गेला की चालक काच उघडून बसतो. म्हणून खरेदीच्या पैशांबरोबर देखभालीचे पैसेही मंजूर करा. चालकांनी सुरुवातीला दोन्ही दारं उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मगच एसी लावावा.

कंपन्यांना माझी विनंती आहे. आरेपासून जवळच, कांदिवलीला, 1960 च्या दशकापासून ट्रॅक्टर बनतात. या शहराला ट्रॅक्टर नवा नाही. 30-40 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवर कारखान्यातूनच दुहेरी थराचं हूड आणि गरम हवा बाजूला वळवणारं आवरण का बसून येऊ नये? छोटा शेतकरी आणि रोजंदारीचा चालक हेच ट्रॅक्टर चालवतात.

परिवहन आयुक्तांनी केंद्राकडे एवढंच मांडावं की रस्त्यावर मालवाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी चालकाच्या उष्णतेपासून संरक्षणाचा निदान किमान नियम हवा.

आणि आरेच्या अधिकाऱ्यांनो, कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता आपण एक गोष्ट करू शकता. वसाहतीच्या हद्दीत ट्रॅक्टरने काम करून घेण्याचे जे करार होतात, त्यांत अटी घाला. हूड नाही तर कामाचा आदेश नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा ते साडेतीन अवजड फेऱ्या बंद. त्या फेऱ्या पहाटे आणि संध्याकाळी घ्या, पण त्यासाठी चालकाचा रोज कापला जाणार नाही हे लेखी असू द्या. नाहीतर तो स्वतःच दुपारी बाहेर पडेल. दर काही तबेल्यांमागे पिण्याच्या पाण्याची टाकी, मीठ-साखरेची पाकिटं आणि बसायला सावली. चक्कर, बरळणं, घाम अचानक थांबणं ही लक्षणं दिसली तर आधी अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच दवाखान्यात न्यायचं, हे प्रत्येक मुकादमाला शिकवलेलं हवं.

अटींचा मसुदा करायला बसाल तेव्हा दोन-तीन चालकांना बोलवा. मलाही बोलवा. कोणत्या ट्रॅक्टरवर हूड कुठे बसतं आणि कुठे बोनेट उघडायला अडतं ते मी जागेवर दाखवीन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला नम्र,
आरेतला एक ट्रॅक्टर मिस्त्री